कवडूची माफी

कवडूच्या तोंडावर देवीचे वण होते, आणि त्या वणांचा त्याला मोठा तोरा. एकदा देवी येऊन गेली, आता पुन्हा येत नाही. वस्तीत कोणाला फोड आले की घरचे लांब सरकायचे अन् कवडूला हाक जायची. तो उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा, पेज भरवायचा. टोचणारा सरकारी माणूस आला की बाही वर करायचा नाही, नुसतं तोंड पुढं करायचा.

पोरीचं, प्रेमिलाचं, लग्न पंधरवड्यावर आलं अन् शेजारच्या गिरिधरला फोड आले. बायको पंचफुला म्हणाली, या वेळी नका जाऊ. कवडू ऐकतो कशाला.

गिरिधर बरा झाला. लग्नाच्या सकाळी दाढी करताना कवडूला स्वतःच्या गालावर पाण्याचा फोड दिसला. दहा वाजेपर्यंत पाठ भरली. डॉक्टरनं दारातूनच सांगितलं, या कांजण्या आहेत. गिरिधरलाही त्याच होत्या.

"पण मले तर येऊन गेलं ना सारं," कवडू म्हणाला.

मेव्हणा गोपाळराव कोर्टात चपराशी. कायदा सांगायला त्याला कारण लागायचं नाही. "भाऊजी, माफीच्या साक्षीदाराले कोर्ट माफी देते, ते त्या एकाच केसची. दुसऱ्या केसमंदी बेडी पडतेच. तुमची माफी देवीची होती."

"मंग आता काय गा?"

"आता अंदर बसा."

कामठीच्या वऱ्हाडाला कळलं असतं तर बस तशीच परत गेली असती. देवी की कांजण्या, हे विचारायला कोण थांबतं? म्हणून ठरलं, नवरीचा बाप बैतूलला अडकला. कवडूला मागच्या खोलीत घातलं. सोबतीला गिरिधर, वस्तीत आता त्याचीच माफी ताजी. बिचारा डहाळी हलवत होता, पण लांबून, म्हणून वारा सगळा त्याला स्वतःलाच लागत होता.

बाहेर भोंग्यावर बुद्धवंदना सुरू झाली.

"पाय ना गा फटीतून, पोरगी रडून राहिली का?" कवडू म्हणाला.

गिरिधरनं फटीला डोळा लावला. "नाई. इकडंच पाहून राहिली."

जेवणाच्या गडबडीत मागचं दार उघडलं. पांढऱ्या लुगड्यातली प्रेमिला आत आली. जन्मभर दुसऱ्यांचे फोड पुसलेला कवडू भिंतीला चिकटला.

"दूर राय वं, पोरी."

"मले लहानपणीच येऊन गेल्या, बाबा. तवा तुमी कामठीले हातमागावर कामाले होते. मले माफी आहे."

तिनं पायांवर डोकं ठेवलं. कवडूनं हात उचलला, त्यावरच्या फोडांकडं पाहिलं, मग हळूच तिच्या डोक्यावर ठेवला.

बाहेर गोपाळरावानं भोंग्यात घसा साफ केला. नवरीचे वडील कामानिमित्त बैतूलला आहेत, तिथूनच त्यांनी लेकीला आशीर्वाद पाठवला आहे.

वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या.