अडचणीची पूर्वसूचना

खेळातला गोळा पडद्याच्या तळाला टेकल्यावर पक्का बसायला अर्धा सेकंद घेतो. तेवढ्या वेळात त्याला डावीकडे किंवा उजवीकडे सरकवता येतं, नंतर नाही. होझुमीबाईंनी हा अर्धा सेकंद शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचने चाळीस वेळा मोजला आणि सरासरी काढली. ती शून्य पूर्णांक बावन्न आली. बाई जपानमधल्या तातेइवा गावच्या माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्या वडिलांनी लावलेली मिकान संत्र्यांची बेचाळीस झाडं सध्या या अर्ध्या सेकंदावर उभी होती.

गावाला कचरा जाळण्याची नवी भट्टी हवी होती. सरकारी कागदांत तिला ‘अडचणीची वास्तू’ म्हणतात. जुनी भट्टी मार्चअखेर बंद व्हायची होती आणि नवीसाठी गावात दोनच जागा होत्या. एक वरच्या आळीत, होझुमीबाईंच्या बागेच्या कुंपणाला लागून. दुसरी खालच्या आळीत, निरासावा आजोबांच्या बंद पडलेल्या केशकर्तनालयामागे. जागानिश्चिती समितीच्या अकरा वर्षांत चौऱ्याण्णव बैठका झाल्या होत्या, आणि प्रत्येक इतिवृत्ताचं शेवटचं वाक्य एकच होतं: ‘दोन्ही बाजूंच्या भावना समजून घेण्यात आल्या.’

मतदान करता येत नव्हतं, कारण खालच्या आळीत चार माणसं जास्त होती. चिठ्ठ्या टाकता येत नव्हत्या, कारण देवळाचा पुजारी वरच्या आळीतला होता. नाणं उडवण्याचा प्रस्ताव दोन बैठका चालला आणि नाणं कुणाच्या खिशातलं घ्यायचं इथे थांबला. पंचाण्णवाव्या बैठकीत नगर कार्यालयाच्या पर्यावरण विभागातले मागोमे चहा आणायला गेले असताना त्यांना सांस्कृतिक भवनाच्या कोपऱ्यात एक यंत्र दिसलं. म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती टिकावी म्हणून कुणीतरी देणगी दिलेलं. त्यावर पडत्या गोळ्यांचा खेळ होता.

खेळ सोपा आहे. वरून रंगीत गोळे पडतात. एका रंगाचे चार शेजारी आले की नाहीसे होतात. मात्र ते आपल्याकडून नाहीसे झाले की प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर करडे दगड पडतात. त्यांना खेळात ‘अडचण’ म्हणतात. ज्याचा पडदा वरपर्यंत भरतो तो हरतो. जो हरेल त्याच्या आळीत भट्टी, असं ठरलं. वरच्या आळीकडून होझुमीबाई खेळणार होत्या, कारण झाडं त्यांची. खालच्या आळीकडून निरासावा आजोबा, कारण ते एकोणऐंशी वर्षांचे होते आणि दुकान बंद झाल्यापासून त्या यंत्रावरून उठलेच नव्हते.

सामना सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला आजोबांनी चार निळे जुळवले. तीन करडे दगड होझुमीबाईंच्या पडद्याच्या वरच्या कडेला येऊन लटकले. आजोबांनी खेळ थांबवण्याचं बटण दाबलं, उठले आणि कमरेत वाकले.

“होझुमीसान, माफ करा. तुमच्यावर तीन दगड पडणार आहेत.”

“पडू द्या की आजोबा. खेळच तसा आहे.”

“खेळ तसा असेल, मी तसा नाही. शेजाऱ्याला त्रास द्यायचा तर आधी जाऊन सांगायचं. दुकानाचं छप्पर बदललं तेव्हा मी बावीस घरी टॉवेल वाटले होते.”

सभागृहात कुजबुज झाली. ती सगळी आजोबांच्या बाजूची होती. तातेइवात कुणी भिंतीला खिळा ठोकला तरी आदल्या दिवशी पातळ टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे जातात आणि क्षमा मागतात. मागोमेंना आपण केलेल्या नियमांच्या मसुद्यातली त्रुटी लक्षात आली आणि ते कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या सोमवारी ‘अडचणीची पूर्वसूचना, नमुना क्रमांक सात’ लागू झाला. दगड पाठवणाऱ्याने दगडांची संख्या, रंग (करडा) आणि पाठवण्याचं कारण लिहायचं. सूचना आळीच्या फिरत्या फाइलमधून अडतीस घरी जायची, प्रत्येक घराने शिक्का मारायचा, सोबत दर दगडामागे एक टॉवेल. मुदत चौदा दिवस. तोवर पडदा जसाच्या तसा थांबवलेला.

“कारण काय लिहू?” पहिला नमुना भरताना आजोबांनी विचारलं होतं.

“‘नाइलाज’ लिहा,” मागोमे म्हणाले. “सगळे तेच लिहितात.”

अशा रीतीने सामना दर चौदा दिवसांनी एक चाल या वेगाने पुढे सरकू लागला. डिसेंबरपर्यंत होझुमीबाईंकडे एकसष्ट टॉवेल साठले. त्यांनीही आजोबांना तितकेच दिले होते, त्यांतले काही आजोबांचेच होते. दोघांचे पडदे निम्मे भरले होते. मार्च संपला, जुनी भट्टी बंद झाली, आणि कचऱ्याची गाडी यायची थांबली.

कचरा मात्र थांबला नाही. तातेइवात तो चार पिशव्यांत टाकतात: जळणारा लालमध्ये, प्लास्टिक निळ्यात, काच आणि डबे पिवळ्यात, पालापाचोळा हिरव्यात. पिशवीवर घराचं नाव लिहायचं असतं. मागोमेंनी परिपत्रक काढलं की सामन्याचा निकाल लागेपर्यंत रहिवाशांनी पिशव्या आपापल्या आळीच्या कठड्यामागे नीट रचाव्यात, रंग शक्यतो शेजारी ठेवावेत. ‘शक्यतो’ हा शब्द असला की तातेइवात ते शंभर टक्के होतं.

पाचव्या दिवशी होझुमीबाईंना एक गोष्ट दिसली. आदल्या संध्याकाळी शेजारी रचलेल्या चार लाल पिशव्या सकाळी नव्हत्या. त्यांनी वहीत नोंद केली. पुढच्या तीन आठवड्यांत असं सतरा वेळा झालं. चारपेक्षा कमी पिशव्या कधीच गेल्या नाहीत. त्या आळीप्रमुख उकाईंकडे गेल्या. उकाई अंगणात आपला छोटा ट्रक धूत होते.

“उकाईसान, पिशव्या नाहीशा होताहेत.”

“चार झाल्या की होतात.”

“पण जातात कुठे?”

उकाईंनी पाइप खाली ठेवला. “खेळात चार गोळे गेले की तुम्ही विचारता का कुठे गेले म्हणून?”

“खेळात विचारत नाही.”

“मग इथेच कशाला? शिकलेल्या बायकांचं हेच होतं. सगळं नीट चाललेलं असतं आणि त्यांना वही काढायची असते.”

खालच्या आळीच्या कठड्यामागे होझुमीबाईंना काही गाठोडी दिसली. करड्या ताडपत्रीत घट्ट बांधलेली, पिशव्यांवरची नावं दिसू नयेत अशी. प्रत्येक गाठोड्याला एक पातळ टॉवेल बांधलेला होता. दोन दिवसांनी तशीच गाठोडी वरच्या आळीत आली. त्यांवरचे टॉवेल इस्त्री केलेले होते. खालच्या आळीचं वळण जरा बरं, हे समितीने नंतर मान्य केलं.

कोण नेतं, कोण आणतं, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळेच नेत होते. एका सकाळी शाळेआधी होझुमीबाईंनीही चार हिरव्या पिशव्या नेल्या. त्यांच्याच बागेतली पानं होती. उतारावर त्यांना हातगाडी ढकलत वर येणारे निरासावा आजोबा भेटले.

“हवा छान आहे,” आजोबा म्हणाले.

“छान आहे,” होझुमीबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांना वाट दिली. त्या दिवशी नववीच्या वर्गात वस्तुमान कधीच नाहीसं होत नाही हा नियम शिकवायचा होता. बाईंनी तो पुढच्या आठवड्यावर ढकलला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पुढच्या.

जूनपर्यंत दोन्ही कठडे भरले आणि ढीग घरांच्या उंचीला आले. खालच्या आळीचा ढीग आजोबांच्या माडीच्या खिडकीला लागला. वरच्या आळीचा कुंपण ओलांडून बागेत उतरला, आणि पहिल्या रांगेतली सहा मिकानची झाडं दिसेनाशी झाली. त्याच आठवड्यात आजोबा होझुमीबाईंच्या दारात आले. या वेळी त्यांच्या हातात टॉवेलचा अख्खा खोका होता.

“बसा ना आजोबा.”

“बसत नाही. सात टप्प्यांची साखळी जुळून आलीय. पिवळे फुटले की लाल, लालनंतर हिरवे, असं सात वेळा.” त्यांनी खोका उंबऱ्यावर ठेवला. “तुमच्यावर छपन्न दगड पडतील. पडदा भरेल.”

“म्हणजे भट्टी इथे.”

“नमुन्यात मी ‘नाइलाज’ लिहिलंय. पण मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या वडिलांचे केस मी तीस वर्षं कापले. दर वर्षी मिकानची पहिली पेटी ते मलाच द्यायचे.”

“मग नका ना फोडू साखळी.”

“चौदा दिवसांत तुम्ही काही शोधा,” आजोबा म्हणाले. “शास्त्राच्या आहात.”

होझुमीबाईंनी चौदा दिवस शोधलं. अडकलेल्या पडद्याचा फोटो भिंतीला चिकटवून त्यांनी दोनशे चाली करून पाहिल्या. प्रत्येक चालीच्या शेवटी छपन्न दगड कुठेतरी पडतच होते. ते न पडण्याची चाल खेळात नव्हती.

मुदत संपली त्या दिवशी एकशे सतरावी बैठक भरली. यंत्र मध्यभागी होतं. खिडक्या बंद होत्या, कारण बाहेर वास होता. आजोबांचा अंगठा बटणावर ठेवलेला होता. तेवढ्यात मागोमेंनी हात वर केला. ते नुकतेच कचरा व्यवस्थापनाच्या अभ्यासदौऱ्यावरून परतले होते. पाच दिवस, पश्चिम भारतातलं एक शहर.

“अहवाल सादर करायचा राहिलाय,” ते म्हणाले. “आधी एक तांत्रिक बाब. हे यंत्र चार जणांचं आहे. मागे आणखी दोन जोडण्या आहेत. दगड कुणावर पाडायचे ते निवडता येतं.”

आजोबांनी अंगठा उचलला.

“तिथे कचरा वेगळा करतात का?” उकाईंनी विचारलं.

“नियम आहे. घरोघरी दोन डबे दिलेत, ओल्याचा आणि सुक्याचा. लोक डब्यांविषयी फार जागरूक आहेत. मग गाडी येते आणि दोन्ही डबे तिच्यात एकत्र रिकामे होतात.”

“एकत्र?” होझुमीबाईंनी वही उघडली. “म्हणजे एका रंगाचे चार शेजारी कधी येतच नाहीत?”

“पाच दिवसांत मला दिसले नाहीत.”

“मग त्यांच्याकडून परत काही पडणार नाही.”

हे वाक्य शास्त्रीय होतं, त्यामुळे त्यात कुणाच्या भावनेचा प्रश्न नव्हता.

“पण त्यांची परवानगी?” आजोबा म्हणाले. “चौदा दिवस आधी सांगायला हवं. आणि एकशे चाळीस कोटी टॉवेल कुठून आणायचे?”

“टॉवेल लागणार नाहीत,” मागोमे म्हणाले. “तिथे भिंतीवर सूचना लिहितात, ‘येथे कचरा टाकू नये’. कचरा नेमका तिच्या खाली असतो. माझ्या दुभाष्याला मी विचारलं, हे वाचत नाहीत का? तो म्हणाला, वाचतात ना. व्यवस्थेवर कुणी चांगली गोष्ट लिहिली की त्यांना फार आवडते. वाचतात, हसतात, शेजारच्याला वाचून दाखवतात. म्हणतात, अगदी खरं लिहिलंय. आणि पुढे जातात.”

“हरकत कुणी घेत नाही?”

“प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्याविषयी आहे.”

उकाईंनी घसा साफ केला. समितीला आता काय वाटतं ते त्यांना कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. पण बारा वर्षांत कुणी निर्णय उच्चारलेला नसल्याने तो कुठल्या सुरात उच्चारायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. माना हळूहळू वळल्या आणि होझुमीबाईंपाशी थांबल्या. झाडं त्यांची होती. शिवाय शास्त्र त्यांचं होतं.

होझुमीबाई उभ्या राहिल्या. दगड नाहीसे होत नाहीत, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी बेचाळीसमधून सहा वजा केले. मग वही मिटली आणि वर्गात बोलतात तशा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“भारतात पाठवू. पूर्वसूचना त्यांच्याच भाषेत छापा.”