विमानाचा भाव उतरेपर्यंत

कापूस कधी विकायचा आणि कधी घरात दाबून ठेवायचा, हे आमच्या गावात मला विचारून ठरतं. ही बढाई नाही. आदिलाबादच्या मार्केट यार्डातले अडते मला लांबून येताना पाहिलं की आपसातलं बोलणं थांबवतात! तेव्हा बेंगळुरूच्या विमानाचं तिकीट सुधाकरराव काढणार म्हटल्यावर ते स्वस्तातच मिळणार, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

कारणही तसंच होतं. आमच्या मयूरीला मुलगी झाली होती. पोरगी बेंगळुरूला कंपनीत, बाळंतपणही तिकडेच झालं, आणि आता बारशाला आम्ही दोघांनी बाळंतविडा घेऊन पोचायचं होतं. माझी बायको जयवंताबाई हिने झबली, टोपडी शिवून आणि निर्मल गावची लाकडी खेळणी आणून पेटी भरून ठेवली होती. नात कुणासारखी दिसते हे फोनवर पाहून मला काही ठरवता येत नव्हतं. त्यासाठी तिला मांडीवर घ्यायला हवं होतं.

पहिल्यांदा हैदराबादहून तिकीट पाहिलं तेव्हा ते परवडण्यासारखं होतं. जयवंताबाई म्हणाली, काढून टाका. मी म्हटलं, पहिल्याच भावाला माल घ्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलं, संध्याकाळी आणखी वाढलं. राग येण्याऐवजी मला कुतूहलच वाटायला लागलं. खुर्ची तीच, विमान तेच, आभाळही तेच. कापूस निदान भिजतो, काळा पडतो, म्हणून त्याचा भाव बदलतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीला असं काय होत असेल?

हा प्रश्न मी पारावर मांडला, आणि तिथेच घोटाळा झाला. माझा मित्र चंपत म्हणाला की एकच गिऱ्हाईक सारखं येऊन माल चाचपतंय हे दिसलं की व्यापारी भाव चढवतो, तसंच हे असणार. मी पाहतो म्हणून तिकीट वाढतं! हे सगळ्यांना पटलं. मग माझ्याऐवजी चंपतने पाहायचं ठरलं. त्याने पाहिलं, तर वाढलेलं. मग त्याच्या भावजयीने पाहिलं. आमचा किराणा दुकानदार तेलुगू. तो मला 'आगंडि, आगंडि', म्हणजे थांबा, थांबा, असं सांगत स्वतः मात्र दिवसभर पाहायला लागला. ज्यांना जन्मात बेंगळुरूला जायचं नव्हतं, ते शेतातून फोन करून मला भाव कळवू लागले. तिकीट वाढतच होतं.

शेवटी तोडगा मीच काढला. व्यापारी अडून बसले की आम्ही काय करतो? कापसाच्या गाड्या यार्डाबाहेर उभ्या करतो आणि नीट भाव बोलला जाईपर्यंत एक बोंडही आत नेत नाही. इथेही तेच करायचं. एक दिवस गावातल्या कुणीही तिकीट पाहायचं नाही! कुणाचा कुणावर विश्वास नव्हता, म्हणून सगळ्यांचे फोन एका टोपलीत घालून पारावर ठेवले आणि चंपत पहाऱ्याला बसला.

दुपारी जयवंताबाई पारावर आली. फोन दिला नव्हता तो फक्त तिने.

"पोरीचा फोन हाय," ती म्हणाली. "तुमचा लागून नाही राह्यला म्हणते. जावयानं नागपूरहून दोन तिकिटं पाह्यली, भाव जरा बरा हाय. काढू काय म्हणते."

सगळा पार माझ्याकडे पाहायला लागला. बंद मी पुकारलेला. पहिला मीच फुटलो असतो, तर पुढच्या हंगामात मला कोण विचारणार होतं?

"आज नाही," मी म्हटलं. "रातपर्यंत भाव पडतेच."

"अन् नाही पडला तं?"

"पडते म्हणलं ना."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. "मयूरी, एकच काढ बाई. माह्यं. तुह्या बाबाले काम हाय, ते भाव पाडून राह्यले."

संध्याकाळी टोपलीतून फोन काढले. तिकीट दुप्पट झालं होतं!

मग मी रेल्वेकडे वळलो. पण माझ्यासारखी विमानाच्या भावाला घाबरलेली मंडळी आधीच रेल्वेत शिरली होती, वेटिंगमध्येसुद्धा जागा नव्हती. हैदराबादहून सुटणाऱ्या खाजगी बसवाल्यांनी गर्दी पाहून आपलेही भाव चढवले होते. जयवंताबाईला सोडायला मी नागपूरच्या विमानतळावर गेलो. दारातल्या जवानाने तिला आत घेतलं आणि मला तिकीट विचारलं. जवळून कधी विमान न पाहिलेली बाई पेटी ओढत आत गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

माझी दया आली ती चंपतला. खुशाल नावाचा त्याचा मेहुणा ट्रक चालवतो. तो कापसाच्या गाठी भरून तमिळनाडूतल्या गिरणीला निघाला होता आणि त्याची वाट बेंगळुरूवरूनच होती. मी केबिनमध्ये चढलो. खुशाल माणूस भला, पण चढ लागला की ट्रक इतका हळू जायचा की मी उतरून पायी निघालो असतो तरी चुकामूक झाली नसती.

बारशाच्या वेळी आम्ही अनंतपूरच्या अलीकडे पंक्चर काढत होतो. मयूरीने व्हिडिओ कॉल लावून दिला. पाळणा दिसला, बायका दिसल्या, नातीची आत्या पाळण्यावर वाकली, आणि नेटवर्क गेलं. मी रस्त्याच्या कडेला फोन वर धरून उभा राहिलो. मला खरंच रडू आलं. नातीचं नाव सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं आणि आजोबाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोचलो. दार जयवंताबाईने उघडलं. काय काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून ठेवलं होतं, पण तिने बोलूच दिलं नाही. रात्री गाठींवर झोपल्यामुळे माझ्या केसांत अडकलेला कापूस तिने वेचून काढला, नातीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "ओवी." नाक माझ्यावर गेलं होतं बिचारीचं.

तेवढ्यात फोन वाजला. चंपत होता.

"सुधाकरराव, काढा आता! भाव पडला! पह्यल्या दिवशीपेक्षाही खाली!"

मी फोन बंद केला. पण खोटं कशाला सांगू, ओवी झोपल्यावर मी गुपचूप पाहिलंच. खरोखर पडला होता. म्हणजे माझा अंदाज चुकलाच नव्हता, यांनी बारसंच लवकर उरकलं! हे जयवंताबाईला अजून सांगितलेलं नाही.