शांतता राखून निवडलेला आवाज

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक पेटी मनासमोर आणा. पेटीला दोन खण आहेत. ही पेटी गिटारचा आवाज मोठा करते. तो आवाज कसा असावा, हे खणांत बसवलेली मॉड्यूलं ठरवतात. धून वाजवणाऱ्या गिटारला टोकदार आवाजाचं मॉड्यूल लागतं, ठेका धरणाऱ्या गिटारला भरदार आवाजाचं. एवढं कळलं ना? मग शाळेच्या निवड समितीपेक्षा तुम्हाला जास्त कळलं.

शनिवारच्या कार्यक्रमात धून वाजवणार होती सहावीतली मुलगी, जिला सारे टिटवी म्हणत. ठेका तिच्या दादाचा. सात महिने सराव करून टिटवीची बोटं सोलून निघाली होती. मॉड्यूल चुकलं, तर तिची धून ठेक्याखाली गडप होणार होती.

दुकानदाराने सहा मॉड्यूलं पाठवली. दुसरी खोली रिकामी नसल्यामुळे समिती वाचनालयात बसली. टिटवी गिटार जोडू लागली, तेवढ्यात ग्रंथपाल बाईंनी तिला थांबवलं.

"इथे आवाज चालत नाही."

"बाई, पण आवाजच निवडायचाय."

"निवडा की. हळू निवडा."

मुख्याध्यापकांनी नियमाला धरून मार्ग काढला: मॉड्यूलं न वाजवता तपासावीत. भांडारप्रमुखांनी ती तराजूवर तोलली, गणिताच्या सरांनी वजनांची सरासरी काढली. टिटवी पुढे उभी राहून वाजवणार, आणि पुढारपणाला वजन हवंच; म्हणून सर्वांत जड मॉड्यूल तिला द्यायचं ठरलं.

"सर, ते ठेक्याचं आहे," टिटवी म्हणाली.

"तू ऐकलंस ते?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"वाजवू दिलं तर ऐकेन ना."

"म्हणजे ऐकलेलं नाहीस. अशा अंदाजांवर शाळा चालत नाही, बाळ."

दादा तिच्या कानाशी लागला, "गप बस. नाहीतर उपसमिती नेमतील."

उपसमिती नेमली गेलीच. एकाला जड आणि एकाला हलकं, हा उपसमितीला सरळ सरळ भेदभाव वाटला. तेव्हा दोन्ही खणांत सारखीच जड मॉड्यूलं बसवण्यात आली आणि शुक्रवारीच शेरा पडला: 'शनिवारचा आवाज समाधानकारक.'

शनिवारी सभागृह भरलं. गादीखाली मांजर कोंडावं तसा आवाज आला. त्यात धून कुठली, ठेका कुठला, काही कळेना. पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांचं पाहून दुसऱ्या रांगेने डोलावली, आणि मग साऱ्या सभागृहाने.

टिटवीने पेटीची वायरच उपटली. आता दोघांचा आवाज तारांपुरता उरला, खाली पोचेचना. माना मात्र डोलतच राहिल्या. एक काका डोळे मिटून शेजारणीला म्हणाले, "धार आहे हो पोरीच्या हाताला."

टिटवीने गिटार खाली ठेवली, रंगमंचावरून उतरली आणि एकेका खुर्चीपाशी थांबून शांतपणे विचारू लागली, "काय ऐकलंत?"

सध्या ती तुमच्या शेजारच्या खुर्चीपाशी आली आहे.