म्हादबाच्या रानातली माणसं

म्हादबा धनगराबरोबर जिंतूरच्या डोंगरात शिरलं की आधी झाडांना रामराम घालावा लागे. निजामशाही जाऊन पाचेक वर्षं झाली होती आणि मी जंगलखात्यात नवा कारकून होतो. खाली पूर्णेचं पात्र चमकत होतं, पळस फुलला होता. पण ते बघू देईल तर म्हादबा कसला! त्याने मला एका सालईच्या झाडापुढे उभं केलं. "हे आमचे पाटील. रामराम करा."

रझाकारांच्या धामधुमीत अख्खं गाव या रानात लपलं होतं. कोण कोणत्या झाडाखाली होतं, ते म्हादबाला तोंडपाठ; त्या झाडाला तो त्याच माणसाच्या नावानं ओळखे. "हितं पाटील घोरायलेत, अन् खालून रझाकार जायलेत! पाटलीणबाईनं तोंडात पटका कोंबला, म्हनून वाचलो." हे तो पाटलांच्या देखतच सांगे.

स्वतः शेळ्या राखणारा, पण रानात शिरताना शेळ्यांना मुसकी बांधी. "न्हाईतर आमची मान्सं खात्यात की!"

मग तोडीचा हुकूम आला. आमच्या खात्याचे साहेब, पाटील, मी, सगळे वर गेलो. साहेबांनी एका मोहाच्या झाडावर तोडीची खूण उठवायचा हातोडा उगारला, तोच म्हादबा आडवा आला. "साहेब, दमानं! कुलकर्णी हायेत ते." साहेबांचं आडनावही कुलकर्णीच. हातोडा तसाच वर राहिला.

चार झाडं अशी झाल्यावर साहेब वैतागले. "एक झाड सोडतो. कोणतं ते सांग." पाटलांनी मिशा सावरल्या. त्यांची सालईच वाचणार, असं मलाही वाटलं.

म्हादबा ओढ्याकडे उतरला आणि एका वाकड्या बोरीला धरून उभा राहिला. सरपणालासुद्धा कोणी नेली नसती.

"ही कोण?" साहेब म्हणाले.

"आमची सखू." त्याची बायको. दोन वर्षांमागे तापानं गेली, हे मला ठाऊक होतं. "लग्नाला साल झालतं, पर घरात आईबापापुढं नवऱ्यासंगं बोलायची रीत न्हाई. हितं समदे गप बसले व्हते, तवा कानाशी येऊन पयल्यांदा बोलली. तुमी भाकर खाल्ली का, म्हनली."

पाटलांनी हळू विचारलं, "मग तू काय म्हनलास?"

"व्हय म्हनलो," म्हादबा म्हणाला. "खाल्ली नव्हती. पर तिच्यापाशी एकच व्हती."