जगतापांची मुदत

आमच्या खालच्या मजल्यावरचे जगताप प्रत्येक गोष्टीला मुदत मागतात. "चहाला वर या" म्हटलं की, "जरा मुदत द्या, भाऊ." बस समोर उभी, ड्रायव्हर दार उघडून बघतोय, आणि हे त्याला हात दाखवून चक्क मराठीत, "मुदत द्या!" मी एकदा म्हटलं, "जगताप, यम आला तर त्यालाही हेच सांगाल." म्हणाले, "सांगून बघू. देईलही."

मी चौथी नापास. मुलगा अमेरिकेत ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत संशोधन करतो, म्हणून बायकोला घेऊन इथं आलो. दोन वर्षांमागं ती गेली. मुलगा दिवसभर बाहेर. बोलायला जगताप हा एकच माणूस.

जगताप कराचीचे. पिढ्यानपिढ्या तिथलेच, घरात मराठी. मागं कुणी नाही. तिथं जिवाची भीती, म्हणून 'निर्वासित म्हणून राहू द्या' असा इथं अर्ज केला. पाकिस्तानात मराठी माणूस असतो हे आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनाच पटत नाही, जज्जाला काय पटणार? त्यात ते टॉवर पडल्यापासून तो पासपोर्ट बघितला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. अर्ज फेटाळला. वकीलबाईनं अपिलाचे कागद करून दिले. म्हणाली, सही करून लगेच आणा, वेळ थोडा आहे.

आणि जन्मभर मुदत मागणाऱ्या या गड्यानं खरी मुदतच घालवली! पितृपक्ष लागला होता ना. "पितृपक्षात नवं काम काढत नाहीत, भाऊ." घटस्थापनेला आंघोळ करून, गंध लावून सही केली. तोवर तारीख उलटलेली.

वकीलबाईनं डोकं धरलं. आता कोर्टाकडं जादा वेळ मागायचा, तर उशिराचं कारण सांगायला हवं. मुलगा मधे बसून इकडचं तिकडं सांगत होता. मी भडकलो. "अहो, तुमचे पितर कराचीत. त्यांना इथला व्हिसा कोण देतोय? इथं तुमचं कोण मेलंय?"

जगताप बुटांकडं बघत म्हणाले, "वहिनी गेल्या की."

मुलगा ते इंग्रजीत सांगायचं विसरला.

ती यांना रोज भाकरी पाठवायची. अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या दिवशी, जगतापांनी वडे-खीर करून मागच्या पायरीवर पान ठेवलं होतं. कावळ्याच्या आधी खारीनं वडा पळवला, आणि मी खिडकीतून हसलो होतो. वाटलं, त्यांच्या आईचं असेल.

कारण जसंच्या तसं लिहून अर्ज गेला. कोर्टाचं उत्तर अजून नाही.

काल जिन्यात थांबले. "भाऊ, पुढच्या नवमीपर्यंत तरी ठेवावं मला. वहिनींचं पान कोण वाढणार? तुम्हाला साधा भात येत नाही."

भात मला येतो. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मीच लावायचो.

"नाहीच येत," मी म्हटलं.