काशीआबा, बर्फी आणि तोरणमाळचं तळं

धुळ्याच्या आमच्या गल्लीत काशीआबांचं सूर्याशी उघड वैर होतं. चैत्र लागला की रोज सकाळी ते अंगणात यायचे, कपाळावर आडवा हात धरून वर बघायचे आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सूर्याला विचारायचे, "हाऊ न्याव शे का?" हा काय न्याय झाला, असा तो सवाल. सूर्य काही उत्तर द्यायचा नाही. ती त्याची मग्रुरी, असं आबांचं मत होतं.

"एवढं मोठं आभाळ पडलंय मास्तर," ते मला म्हणायचे, "पण हा उभा कुठे राहणार? माझ्याच पत्र्यावर."

आबांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. तिथल्या यंत्रांवर ओरडून ओरडून हळू आवाज त्यांच्याजवळ उरलाच नव्हता. आणि संताप इतरांना येतो-जातो, आबांकडे तो कायमचा मुक्कामाला होता. रेडिओवर जळगावचा पारा धुळ्यापेक्षा वर सांगितला की ते खवळायचे. "म्हणजे आमी काय सावलीत बसेल शेतस?" जळगावकरांनी वशिला लावून पारा चढवून घेतला, अशी त्यांची पक्की खात्री होती.

पण सूर्याशी वैर स्वतःसाठी नव्हतं. ते बर्फीसाठी होतं.

बर्फी म्हणजे आबांची कुत्री. पांढरी, आणि अंगावर केस अस्वलाला लाजवतील एवढे. बसली की तोंड कुठल्या बाजूला आहे ते जीभ बाहेर आल्यावर कळायचं. आबांच्या लेकीचा, सुशीचा, नवरा फौजेत. वर हिमालयात ठाणं असताना त्यांनी हे पिल्लू पाळलं. पुढे बदली झाली राजस्थानच्या वाळवंटात, आणि सुशीनं पिल्लू बापाकडे आणून सोडलं.

"बर्फातलं जनावर धुळ्यात आणलं आणि वर नाव ठेवलं बर्फी," आबा कडाडायचे. "आयतं खाते, वर फॅन पाहिजे."

घरात टेबलफॅन एकच, तो बर्फीकडे. खाली ओलं गोणपाट, शेजारी तिचा वेगळा माठ. आबांची पत्नी वारल्याला बरीच वर्षं झाली होती. घरात माणूस एकटा, आणि तो एकटा माणूस स्वतः बाहेर खाटेवर उकडून निघायचा.

एका उन्हाळ्यात बर्फी भरदुपारी चक्कर येऊन पडली. आबांनी तिला ओल्या चादरीत गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हा उन्हाळा निघेल आबा. पुढचा नाही निघायचा. हिला थंड हवेत ठेवा कुठेतरी."

आबा परत आले ते पेटूनच. "डॉक्टरनं औषध द्यावं. हा पत्ता सांगतो. हाऊ न्याव शे का?"

पुढच्या चैत्रात बर्फी अर्धी भाकरी टाकायला लागली. मग एका सकाळी आबा माझ्या दारात. सूर्याकडे त्या दिवशी त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मास्तर, तुम्हाला सुटी आहे. तोरणमाळले चालनं शे."

तोरणमाळ म्हणजे तेव्हा आमच्याच जिल्ह्यात असलेली सातपुड्यावरची थंड हवेची जागा. वर एक मोठं तळं, तळ्याकाठी विश्रामगृह, आणि तिथला चौकीदार रूमसिंग. तो पूर्वी हंगामात जिनिंगवर कामाला यायचा. बर्फीला कायमची ठेवून घ्यायला तो कबूल होता.

"पण मी अशी देणार नाही," आबा म्हणाले. "आधी तळ्याला फेरी. पुरी. जिथून निघू तिथे परत पाय टेकला पाहिजे. चालली तर राहील. दमली तर परत धुळे."

दिवस आखाजीच्या तोंडाशी आले होते. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतात. बाप नाहीतर भाऊ जाऊन त्यांना घेऊन येतो, दारच्या निंबाला झोके बांधतात. सुशीला काही वर्षं जमलं नव्हतं. कधी जावयाला रजा नाही, कधी पोरं आजारी. आबा तरी झोका बांधायचे. त्याच्याखाली बर्फी बसायची. "रजा देत नाहीत," आबा म्हणायचे. तेवढं वाक्य मात्र गल्लीत ऐकू जात नसे.

एसटीत कंडक्टरनं बर्फीला अडवलं. आबांना हेच हवं होतं.

"त्या बाईची कोंबडी चालते. त्या पागोटेवाल्याचा बोकड चालतो. माझी बर्फी का चालत नाही?"

"आबा, कुत्रं चावतं."

"बोकडानं आत्ता माझं धोतर खाल्लं. ते चालतं?"

शेवटी कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर आबा आणखी भडकले. "ही सामान आहे? श्वास घेणारं सामान तुम्ही कुठे पाहिलंत?" शहाद्यापर्यंत गाडीत दोन तट पडले होते. बोकडवाला आमच्या बाजूनं होता.

गाडी घाट चढली आणि खिडकीतून गार वारा आला. बर्फीनं नाक वर केलं. आबांनी ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

रूमसिंग विश्रामगृहाच्या पायरीशीच उभा होता. तिथूनच फेरी सुरू झाली. पुढे बर्फी, मागे आबा, त्यांच्यामागे पंच म्हणून मी, आणि कडेनं रूमसिंग. गवतावर पाय पडताच बर्फीला जे काही झालं ते मी धुळ्यात कधी पाहिलं नव्हतं. ती पळाली, तळ्यात शिरली, बाहेर आली आणि सगळं पाणी आबांच्या अंगावर झटकून पुन्हा पळाली.

आबांनी तळ्याला धारेवर धरलं. पाणी फार गार, वारा फार सुटलाय, गोटे टोचतात. इथली हवाच पातळ आहे, पोट कसं भरायचं.

"दमली ती," ते मध्येच म्हणाले.

"आबा, ती पार पुढे पोचली."

"दमलेल्यांनाच घाई असते."

थोड्या वेळानं ते एका दगडावर बसले आणि तिच्यासाठीच बसल्याचं जाहीर केलं. खिशातून शेव काढून बर्फीला बोलावलं. ती आली, शेव खाल्ली आणि निघून गेली. पुढच्या वळणावर त्यांनी कहर केला. तिला गाठून सरळ उचलून छातीशी धरलं आणि ओरडले, "फेरी मोडली. उचलावं लागलं. चला धुळ्याला."

"उचलायला सांगितलं कोणी?" मी म्हणालो.

रूमसिंग कडेनं पुढे आला. तो म्हणाला, "आबा, खाली ठेव तिला. तिचे पाय बघ."

हवेतल्या हवेत बर्फीचे चारही पाय चालत होते.

आबांनी तिला खाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी कशालाच नावं ठेवली नाहीत. मला ते फार जड गेलं.

विश्रामगृहाची पायरी दिसू लागली तसे आबा पुन्हा थांबले आणि एका झाडाखाली बसले. बर्फी पुढे गेली. आबा काही उठेनात. मी बोलावलं, ते तळ्याकडे बघत राहिले. फेरी पुरी झाली की काय होणार, हे त्यांना माहीत होतं.

पायरीवर रूमसिंगची बायको आली. तिनं ज्वारीची भाकरी बर्फीपुढे धरली.

आबांची पाठ तिकडे होती. "खाल्ली का?" त्यांनी विचारलं.

"खाल्ली."

"अर्धी?"

"सगळी. आता दुसरी मागतेय."

आबा उठले. धोतरावरचं गवत झटकलं. चालत गेले आणि निघालो होतो त्या पायरीवर पाय टेकवला.

रूमसिंगच्या बायकोला त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. ढग गडगडले की ही खाटेखाली शिरते, तेव्हा हसायचं नाही. आणि रागावून बोललं तर मनावर घेत नाही, तिला सवय आहे.

शहाद्याहून धुळ्याच्या गाडीत आखाजीची गर्दी होती. नव्या लुगड्यांतल्या, गाठोडी घेतलेल्या लेकी आपापल्या बापांबरोबर, भावांबरोबर निघालेल्या. आमच्या बाकावर एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन दाटीवाटीनं बसली. तिनं आबांच्या धोतराकडे, रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आबा, लेकले लेवाले गयथात का?"

"नही माय," आबा म्हणाले. "पोचाडाले गयथू." आणायला नव्हे, पोचवायला गेलो होतो, असं.

ती हसली. "आखाजीले कोनी लेकले सासरी पोचाडस का?"

"सासरी नही," आबा म्हणाले, आणि इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "माहेरले."

तिला काय कळलं कोण जाणे. तिनं मूल आबांच्या मांडीवर दिलं आणि स्वतः डोळे मिटले. त्या मुलानं शेंगदाण्याच्या लाडवाचे हात आबांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसले, टोपी ओढून खाली पाडली, मग सदऱ्याचं बटण तोंडात घालून झोपी गेलं. आबा धुळ्यापर्यंत हलले नाहीत.