मामांनी ‘मिळालं’ दाबलं नाही

दुकानातून रस्त्यापलीकडच्या गोदामात निरोप धाडण्यासाठी जावयाने प्रोग्राम लिहिला, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली. “आठ दिवस बिनबोभाट चालला तर कायमचे दुकानात या. नाहीतर जावईबापू, तुमची नोकरी बरी आणि आमचा फोन बरा.”

जावयाने नोकरीचा राजीनामा आधीच देऊन टाकला होता. ही गोष्ट बायकोलाही ठाऊक नव्हती.

प्रोग्राम तसा सरळ होता. दुकानाच्या कॉम्प्युटरने गोदामाच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायची, निरोप पाठवायचा. गोदाम सांभाळणाऱ्या मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाने, ‘मिळालं’ हे बटण दाबायचं. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर निरोप वाटेत हरवला असं धरून प्रोग्राम तोच पुन्हा पाठवणार. सासरे लाल अक्षरं दिसली की घाबरतात, म्हणून चूक झाल्याचं पडद्यावर दाखवायचं नाही, हा बेत जावयाचाच.

पहिल्याच दिवशी एका बाईंनी कपाट घेतलं. निरोप गेला : ‘एक कपाट पाठवा.’ दोन तासांनी बाईंचा फोन आला.

“अहो, एक सांगितलं होतं. जिन्यात सात उभी आहेत! वरच्या मजल्यावरचे आजोबा वरच अडकलेत!”

सासऱ्यांनी मामांना लावायला फोन उचलला. जावयाने तो हळूच खाली ठेवला. “फोन कशाला, बाबा? प्रोग्राम आहे ना!” आणि त्याने ऐटीत निरोप पाठवला : ‘त्याच पत्त्यावरून सहा कपाटं परत आणा.’

संध्याकाळी टेम्पोने दोन खेपा केल्या. दुकानासमोर बारा कपाटं उतरली. सात नवी, पाच जुनी. एका जुन्याच्या दारातून वर्तमानपत्रांची रद्दी डोकावत होती.

“मामा, ही पाच कुणाची?”

“बाईंच्या घरची. सहा आणा म्हणालात, मग पुन्हा सहा आणा म्हणालात. सहा नि सहा बारा. त्यानंतरही सहा-सहा मागतच राहिलात, पण त्या घरात कपाटंच उरली नाहीत.”

“पण तुम्ही ‘मिळालं’ का नाही दाबलंत?”

“काम झाल्याशिवाय? माल टेम्पोत चढेपर्यंत मी कुणाला हो म्हणत नाही. काम न करता हो म्हणायचं ते दुकानात, गोदामात नाही.”

सासऱ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग फोनकडे. जावयाला आपला राजीनामा डोळ्यांपुढे दिसू लागला. तेवढ्यात बाई स्वतःच रिक्षातून उतरल्या.

“माफ करा ताई,” जावई पुढे धावला, “तुमची पाचही आत्ता पोचवतो!”

“खबरदार!” बाई ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “वीस वर्षं सांगतेय, ही अडगळ काढा. ह्यांचं आपलं एकच, असू दे, लागेल कधीतरी. आज पहिल्यांदा घराची भिंत दिसली हो! माझं ते एक नवं तेवढं पाठवा. ह्यांचा फोन आला तर सांगा, मशीनची चूक.”

त्या रात्री जावयाने घाम गाळला. मामांसाठी दोन बटणं केली, ‘ऐकलं’ आणि ‘झालं’. प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला, म्हणजे तोच पुन्हा आला तर गोदामाचा कॉम्प्युटर ओळखेल. चुका लाल अक्षरांत दिसू लागल्या. मामाही राजी झाले. “ऐकायला काय, लहानपणापासून ताईचं ऐकतोच आहे.”

सकाळी त्याने सासऱ्यांना सगळं करून दाखवलं. “आता ती चूक जन्मात होणार नाही, बाबा.”

सासरे दाराकडे पाहत होते. तिथे तीन अनोळखी बायका उभ्या होत्या. त्यांतली एक कुजबुजली, “एक कपाट घ्यायचंय. पण ते चुकून जुनं सामान उचलून नेणारं मशीन तुमच्याकडेच ना?”

“या, बसा,” सासरे म्हणाले. मग जावयाच्या कानाशी वाकले. “जावईबापू, आठ दिवसांचं राहू द्या, आजपासूनच या. फक्त ती चूक परत घालायला किती वेळ लागेल?”